एवढं छान रंगवून मग त्यावर चिखल का?

माझ्या शेल्फवरची रणगाड्यांची प्लास्टिक मॉडेल्स बघून लोक जे विचारतात त्यात हा प्रश्न ठरलेला. किती वेळ लागतो, हे चालतं का, तोफ फिरते का, हे सगळं होऊन जातं आणि मग जरा बिचकत विचारतात, अहो एवढा सुबक रंगवला होतात ना, मग त्यावर ही धूळ, डाग, रंगाचे टवके, चिखल मुद्दाम कशाला? नवा कोरा ठेवायचा की. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि जरा सविस्तरच सांगते कारण मला या छंदात हाच भाग सगळ्यात आवडतो. पार्ट कापा, घासा, चिकटवा हे मी त्यासाठी सहन करते असं म्हटलं तरी चालेल.

आधी मापाचं बोलू. माझी बहुतेक मॉडेल्स १/३५ ची, म्हणजे खऱ्या गाडीचे ३५ सेंटिमीटर इथे १ सेंटिमीटर. (हा ३५ चा आकडा काही कुठल्या शास्त्रातून आलेला नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तामिया या जपानी मॉडेल कंपनीने मोटरवर चालणारा पँथर हा जर्मन रणगाडा काढला, त्याच्या पोटात बॅटऱ्या मावायला हव्या होत्या, त्या मावतील एवढा केला तर तो साधारण १/३५ निघाला, आणि मग बाकीचेही त्याच मापाने किट काढायला लागले.) टायगर रणगाड्याचं पुढचं १०० मिलिमीटरचं चिलखत या मापात जेमतेम ३ मिलिमीटर होतं. गाडी लहान झाली, पण खोलीतला उजेड तेवढाच राहतो ना. खऱ्या गाडीवर हॅचच्या, म्हणजे वरच्या झाकणाच्या कडेखाली, बोल्टभोवती, वेल्डिंगच्या रेषेत ज्या सावल्या पडतात त्या इथे पडतच नाहीत. त्यामुळे रंगाची शेड कितीही अचूक असली तरी सगळीकडे एकसारखा रंग दिसतो आणि बघताक्षणी कळतं की प्लास्टिक आहे. म्हणजे तुम्हाला जी घाण वाटते त्यातली निम्मी घाण नाहीच, त्या हरवलेल्या सावल्या आहेत.

त्या आणायच्या वॉशने. गडद तपकिरी ऑइल कलर थिनरमध्ये इतका पातळ करायचा की जवळजवळ रंगीत पाणीच, आणि बारीक ब्रशचं टोक बोल्टच्या बुडाशी फक्त टेकवायचं. तो थेंब आपणहून बोल्टभोवती गोल फिरतो, पुढे पॅनेलच्या फटीत शिरतो आणि फट संपेपर्यंत पळत जातो, हे मी कितीही वेळा बघू शकते. पण त्याआधी खाली ग्लॉस, म्हणजे चकचकीत वार्निश हवं, मॅट रंगावर तो पळत नाही, तिथेच पसरून डाग पडतो. आणि खालचा रंग ॲक्रिलिक (पाण्यात मिसळणारा) असला तर बरं, कारण तो नीट वाळला की ऑइलच्या थिनरने सहसा उठत नाही. (खिडकी उघडी ठेवा, त्या थिनरचा वास डोक्यात जातो.)

टवक्यांचं गणित मात्र लोक विसरतात. मॉडेलवर १ मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटरचा टवका! स्पंजने भसाभस ठिपके मारलेले रणगाडे बघते तेव्हा वाटतं याच्यावर कोणी हातोडे घेऊन चढलं होतं की काय. आणि गंज. गंजाचं तर वेडच आहे. अहो, दुसऱ्या महायुद्धातल्या कितीतरी गाड्यांना गंजून सडण्याएवढं आयुष्यच मिळालं नाही, काही महिन्यांत निकाल लागायचा. जर्मन गाड्यांवर तर रंगाखाली तांबूस प्रायमर असायचा, रंग उडाला की आधी तो दिसणार, थेट नारिंगी गंज नाही. एक्झॉस्टवर गंज हवाच, तो पत्रा सतत तापतो. बाकी ठिकाणी मी हात आखडता घेते. टवके द्यायचे तर जिथे माणसांचे बूट पडतात तिथे, हॅचच्या कडेला, चढायच्या जागी, अवजारं काढताना घासतं तिथे. टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या मागच्या भिंतीच्या मधोमध कोण कशाला घासेल?

आता जर्मन पिवळ्या रंगाचं बघा. फेब्रुवारी १९४३ मध्ये हुकूम निघाला की करड्याऐवजी गडद पिवळा हा मूळ रंग, आणि वरचे हिरवे-तपकिरी पट्टे युनिटने स्वतः मारायचे. त्यासाठी रंग पेस्टच्या रूपात मिळायचा, तो पातळ करायचा पेट्रोलने किंवा नसेल तर पाण्याने, जे हाताशी असेल त्याने. मग कुठे दाट, कुठे फिका, पाण्यात कालवलेला लवकर उडणारा, असं सगळं व्हायचं. आणि त्यावर लोक विचारतात तुमची पिवळ्याची शेड बरोबर आहे का!

हिवाळ्याचं तर अजून मजेशीर. १९४१ च्या थंडीत रशियातल्या बर्फात जर्मनांचे गडद करडे रणगाडे लांबून उठून दिसायचे, पांढरा रंग पुरेसा नव्हता, मग चुना, खडू, चादरी, जे मिळेल ते फासलं आणि बांधलं. चुना तो, पावसात आणि माणसांच्या घासण्याने जाणारच. हे मॉडेलवर करायला आमच्याकडे चक्क केसांचा हेअरस्प्रे आहे. करड्या रंगावर हेअरस्प्रे मारायचा, वाळला की वर पांढरा ॲक्रिलिक, आणि मग ओल्या ब्रशने हळूहळू घासायचं. पाण्याने खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि पांढऱ्याचे पापुद्रे सुटायला लागतात, तुम्ही ठरवलेल्या जागी नाही, थोडे बाजूलाच. मला ते बरं वाटतं, हाताने रंगवलेलं झिजणं नेहमी जरा जास्तच विचारपूर्वक दिसतं.

चिखलाआधी ट्रॅक, म्हणजे चाकांवरून फिरणारे साखळीसारखे पट्टे, कारण तिथे बरेच जण न बघता चंदेरी रंग फिरवतात. टी-३४ या सोव्हिएत रणगाड्याचे ट्रॅक पोलादी, जमिनीला टेकणारा भाग घासून चकाकतो, तिथे ग्रॅफाइट पेन्सिल हलकेच फिरवली की काम झालं. पण अमेरिकन शर्मनच्या बऱ्याच ट्रॅकना रबराचे ब्लॉक होते, रबर कसं चमकेल? तिथे चमक फक्त ब्लॉक जोडणाऱ्या कडेच्या लोखंडी कनेक्टरवर. चाकांचंही तेच. रबराचा टायर असेल तर तो धुळकट करडा. १९४२ च्या सुमारास रबर कमी पडलं म्हणून काही टी-३४ ना पोलादी कडेची चाकं लावली होती, ती असली तर कड चकाकलेली हवी.

मग चिखल. पिगमेंटची (कोरड्या रंगाची) पूड, थोडं प्लास्टर, ते धरून ठेवणारा बाइंडर, आणि चाकांच्या मागून वर उडेल तसा, म्हणजे खाली दाट आणि वर जाताना फक्त शिंतोडे. ढेकूळ मोठं झालं की संपलं, परत तेच ३५ ने गुणायचं. कोरडा चिखल फिका आणि मॅट, ओला गडद आणि किंचित चकचकीत. दोन्ही एकाच गाडीवर असतात, कारण आधीचा वाळलेला असतो आणि आत्ताचा ताजा. एवढं केलं की ही गाडी कुठून तरी आली आहे हे दिसतं. कोऱ्या गाडीत ते नसतं. कारखान्यातून आत्ता बाहेर पडलेली गाडी दाखवायची असेल तर कोरी ठेवा की, तेही खरंच आहे, फक्त मला त्यात करायला काही उरत नाही.

आणि हो, बघायला उचललीत तर खालून धरा. पिगमेंटवर बोट लागलं की ठसा उमटतो, आणि १/३५ च्या हिशोबाने तो अर्ध्या मीटरहून मोठा असतो.