करता काय दिवसभर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत सगळेच विचारतात, "रिटायर झालात, मुलं परदेशात, मग करता काय दिवसभर?" विचारणाऱ्याच्या स्वरात काळजी असते, थोडी कीवही असते. उत्तर ऐकायला मात्र कुणी थांबत नाही, तेवढ्यात त्यांचा मजला येतो.

सकाळी उठावं तर फोनवर गुलाबाच्या चित्रासकट सल्ला आलेला असतो, आजचा दिवस शेवटचा समजून जगा. मला हे कधी पटलं नाही. आजचा दिवस शेवटचा असेल, तर शेवळं कोण साफ करत बसेल?

ठाण्याकडचे असाल तर शेवळं सांगायला नकोत. नसाल तर ऐका. पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की रानात जमिनीतून जांभळट कोंब वर येतात. आदिवासी बायका त्यांच्या जुड्या बांधून बाजारात घेऊन बसतात. पाऊस स्थिरावला की शेवळं गेली, वर्षभर तोंड दाखवत नाहीत. भाजी भयंकर खाजरी. हाताला तेल लावायचं, वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं आणि तेलावर भरपूर परतायचं. सोबत काकडं हवीतच. ही हिरवी आंबट फळं विकणारी बाई जुडीबरोबरच देते. त्यांचा रस नसला तर पहिल्याच घासाला घसा धरतो. सीकेपी मंडळी सोडे किंवा कोलंबी घालून शेवळाची कणी करतात, माझ्याकडे वाल पडतात. ताटभर चिरलेलं परतल्यावर वाटीभर उरतं आणि अख्खी दुपार गेलेली असते. नोकरीत होते तेव्हा शेवळं येऊन गेली हे मला ती संपल्यावर कळायचं.

तर माझं उत्तर हे, की ज्या गोष्टी आपल्यासाठी थांबत नाहीत त्यांच्या तारखा मी सांभाळते. बँकेच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवते. मेच्या मध्यावर एका दुपारी साधारण साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. त्या दिवशी मी गच्चीत पाण्याची बाटली ठेवून बघते. वॉचमनही येतो. जुलैच्या अखेरीला हाच योग पुन्हा असतो, पण तेव्हा ढग काही दिसू देत नाहीत. हिवाळ्यात खाडीवर रोहित पक्षी येतात, त्यांच्यासाठी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावं लागतं, कारण ओहोटीला चिखल उघडा पडला की ते चरायला पसरतात. २०२२ मध्ये ठाण्याच्या खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाली तेव्हा दोन दिवस सगळ्यांनी फोटो पाठवले. मग पुन्हा गुलाब सुरू.

रोज असं काही घडतं असं मुळीच नाही. फिजिओथेरपीचा दिवस फिजिओथेरपीचाच असतो, त्यात कसलं सौंदर्य शोधायच्या फंदात मी पडत नाही. काही दिवस नुसते घालवायचे असतात. लाईट बिल, औषधं, झोप.

पण एक तारीख मोठी आहे. आपल्या डोंगरांवरची कारवी सात वर्षं नुसती पानांवर असते आणि आठव्या वर्षी फुलते. ज्या कारवीच्या काठ्यांना शेणमाती लिंपून आदिवासी पाड्यांत कुडाच्या भिंती करतात, तीच. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ मध्ये फुलली होती, मग २०२४ मध्ये. तेव्हा येऊरच्या बाजूने मी गेले होते. पावसाळा सरत आलेला, उतार जांभळे झालेले आणि मधमाश्यांचा आवाज इतका, की बरोबरच्या बाई काय म्हणतायत ते ऐकू येईना. फुलून झालं, बी धरलं की झुडूप मरतं. वाळलेली बोंडं पुढच्या पावसाची वाट बघत तशीच राहतात आणि ओली झाली की तडतड फुटून बिया उडवतात. ते ऐकायलाही गेले होते. त्या दिवशी छत्री विसरले आणि घरी येऊन दोन दिवस शिंकत होते, पण ते असो.

पुढचा बहर २०३२ मध्ये. हिशेब तुम्हीच करा, मी तेव्हा ऐंशीच्या जवळ असेन. गुडघे तोवर येऊरचा चढ चढू देतील का, असं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, रोज चालत राहिलात तर बघू. सकाळी साडेसहाला मी गेटपाशी दिसते ना तुम्हाला, ती त्यासाठी.