‘माध्यम’ या रकान्यात अडकलेली चित्रं

मी मिश्र माध्यमात, म्हणजे एकाच चित्रात रंग, कापड, धागा असं वेगवेगळं साहित्य वापरून काम करते आणि सामुदायिक केंद्रात मोठ्या माणसांना तेच शिकवते. वर्गातली कामं एका सामूहिक प्रदर्शनाला पाठवायची ठरली. फोटो, सह्या, शुल्क सगळं पटापट उरकलं. अडलं ते ‘माध्यम’ या रकान्यात. पर्याय चारच: तैलरंग, जलरंग, मुद्राचित्र, शिल्प. ‘इतर’ नाहीच.

अर्ज घेणाऱ्या खिडकीवरच्या बाईंना मी एक काम दाखवलं. कागदावर ॲक्रिलिक, त्यावर जुन्या कापडाचे तुकडे, वर धाग्याची टीप. त्या म्हणाल्या, “मग हस्तकलेत टाका ना, तो विभाग वेगळा आहे.”

याचा राग अजून गेलेला नाही. हस्तकला कमी दर्जाची, असं मी कधीच म्हणणार नाही. पण हे काम करणाऱ्या आजींनी थरावर थर चढवले, खरवडले, पुन्हा रंगवले. ते चित्र आहे आणि चित्रांच्याच भिंतीवर लागायला हवं. पिकासोने १९१२ मध्ये वेताच्या विणीचा छाप असलेलं मेणकापड चित्रावर चिकटवलं आणि कडेने दोर लावला. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाने १९६१ मध्ये अशा जोडकामांचं मोठं प्रदर्शन भरवलं. हे सगळं मी सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अर्ज परत सरकवला. “सिस्टिम घेत नाही.” मग दुसरं टेबल, मग साहेब जागेवर नाहीत, मग पुन्हा तीच खिडकी.

सुटका झाली ती मांडणी बघणाऱ्या माणसामुळे. त्यांनी एवढंच विचारलं, “भिंतीवर टिकेल का? काही गळून पडेल का?” त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. प्रत्येक कामासोबत मी एक कागद जोडला: तळापासून वरपर्यंत कोणते थर, जाडी किती, वजन किती, टांगायची सोय काय. कामं चित्रविभागात घेतली गेली. हा कागद पहिल्याच दिवशी जोडा, कोणी मागायची वाट बघू नका. सोबत बाजूने काढलेला फोटो हवाच, समोरच्या फोटोत उठाव कळत नाही.

तुमच्या वर्गाला आधीच सांगून ठेवा: निदान ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) कागद घ्या, पातळ कागद ओल्या गोंदाने आकसतो. कागदाच्या मागच्या बाजूलाही ॲक्रिलिक मीडियमचा (रंग नसलेल्या ॲक्रिलिक द्रवाचा) हात मारा, म्हणजे तो वाकत नाही. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो. तैलरंगावर ॲक्रिलिक नीट धरत नाही, पुढे सुटतं. वर्तमानपत्र पिवळं पडतं, म्हणून आम्ल नसलेल्या कागदावर त्याची प्रत काढून ती चिकटवा. धान्य, बिया टाळा. कीड लागते आणि आयोजक तिथेच नाही म्हणतात.

हे राहिलंच: नावापुढच्या रकान्यात आजींनी ‘विद्यार्थिनी’ लिहिलं होतं. ते खोडून मी त्यांना ‘चित्रकार’ लिहायला लावलं. तुमच्या अर्जांवरही हा रकाना स्वतः तपासा.