चिवितावेक्कियाला जहाज, म्हणून आधी रोम

ट्रॅव्हल एजंटने पाठवलेल्या पहिल्या आखणीत आमचं विमान सकाळी रोमला उतरत होतं आणि क्रूझ त्याच संध्याकाळी रोमजवळच्या चिवितावेक्किया बंदरातून सुटत होती. मध्ये सात-आठ तास मोकळे. "भरपूर वेळ आहे मॅडम, हॉटेलचा खर्च वाचतो," तो म्हणाला. मी ती आखणी परत पाठवली.

कारण हिशोब सुटण्याच्या वेळेवर करायचाच नसतो. जहाजाचं चेक-इन सुटण्याच्या तास-दीड तास आधी बंद होतं. त्याआधी इमिग्रेशनची रांग, सामानाचा पट्टा आणि विमानतळापासून बंदरापर्यंतचा रस्ता. मुंबईहून आखातातलं विमानतळ गाठून तिथून पुढचं विमान पकडायचं, म्हणजे एक विमान रखडलं की पुढचं सगळं कोसळतं. विमान चुकलं तर दुसरं मिळतं. जहाज चुकलं तर पैसे परत नाहीत, आणि पुढच्या बंदरावर आपल्या खर्चाने जाऊन ते गाठायचं. बरोबर सासूबाई, त्यांचा गुडघा आणि त्यांच्या औषधांची पिशवी असताना हे धाडस मला करायचं नव्हतं. म्हणून जहाजाआधी रोममध्ये तीन रात्री घेतल्या. "रोम बघायला तीन दिवस कमीच," असं सगळे म्हणत होते. आम्ही रोम बघायला थांबत नव्हतो, जहाज नक्की मिळावं म्हणून थांबत होतो. तेवढ्यात जे रोम दिसेल ते दिसेल.

या तीन रात्रींचा पहिला फायदा व्हिसाच्या वेळीच झाला. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) नियम असा की ज्या देशात सगळ्यात जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि मुक्काम सारखाच असेल तर ज्या देशात आधी पाऊल टाकणार त्याच्याकडे. आमचं जहाज जेनोआ, मार्सेय, बार्सिलोना, पाल्मा असं फिरून परत येणार होतं. म्हणजे इटली, फ्रान्स, स्पेन, आणि रात्री तर सगळ्या समुद्रात! रात्री बारा वाजता जहाज कुठल्या देशात आहे हे कोण सांगणार? रोमच्या तीन रात्री टाकल्यावर इटलीचं पारडं सरळ जड झालं आणि वाद मिटला. अर्जासोबतच्या पत्रात मी एक साधा तक्ता जोडला : तारीख, दिवसा कुठे, रात्री कुठे. हॉटेलचं बुकिंग, क्रूझचं पक्कं बुकिंग, विमानाची तिकिटं त्याच क्रमाने लावली. व्हिसा केंद्रातल्या मुलीने तो तक्ता बघून काही विचारलंच नाही.

बाकी कागद नेहमीचेच. बँकेचं स्टेटमेंट, आयकराची विवरणपत्रं, नोकरीवरून रजेचं पत्र, किमान 30,000 युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा. प्रौढांसाठी व्हिसाची फी जून 2024पासून 90 युरो झाली आहे, वर केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि मेमध्ये निघायचं असेल तर लवकर केलेला बरा, कारण उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंटच मिळत नाही. एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती. सासूबाईंच्या बोटांचे ठसे मशीन घेईना. जन्मभर राखेने नि साबणाने भांडी घासलेल्या बोटांवर रेषा कुठल्या उरायला! तिथल्या मुलाने बोटं ओल्या कापडाने पुसून, दाबून धरून, एकेक करत शेवटी घेतले. आमच्या मागच्या रांगेतल्या आजींचंही तेच चाललं होतं. घरच्या वयस्कर मंडळींना नेताना त्या दिवसापुरतं दुसरं कुठलं काम ठेवू नका.

आमची सगळी बंदरं शेंगेनमधली, म्हणून एकदा प्रवेशाचा व्हिसाही चालला असता. पण एड्रियाटिक समुद्रातल्या क्रूझ मॉन्टेनेग्रोच्या कोटोरला थांबतात, पूर्वेकडच्या तुर्कस्तानला जातात. तिथे जहाज शेंगेनबाहेर पडतं आणि परत आत येतं. अशांनी अर्जात एकाहून जास्त प्रवेशांचा व्हिसा आठवणीने मागायचा.

हॉटेल निवडताना मी कोलोसियम कुठे आहे ते पाहिलं नाही, चिवितावेक्कियाची गाडी कुठे थांबते ते पाहिलं. बहुतेक जण तेर्मिनी या मुख्य स्टेशनाजवळ राहतात. पण ती गाडी पुढे ओस्तिएन्से, त्रास्तेवेरे आणि सान पिएत्रो या छोट्या स्टेशनांवरही थांबते. सान पिएत्रो तर व्हॅटिकनपासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्यावर. तिथेच हॉटेल घेतलं. फ्युमिचिनो विमानतळावरून तेर्मिनीला नेणारी वेगळी गाडी 32 मिनिटांत पोचवते आणि 14 युरो घेते. साधी लोकल 8 युरोत त्रास्तेवेरेला सोडते, तिथे गाडी बदलली की सान पिएत्रो.

हे सगळं इतकं नीट आखलेलं, आणि पट्ट्यावर सासूबाईंची बॅगच आली नाही.

पट्टा थांबला, माणसं पांगली, आमची एक बॅग नाही. विमानतळाबाहेर न पडता सामान तक्रारीच्या खिडकीवर गेलो. बोर्डिंग पासला चिकटवलेली सामानाची पावती दाखवली, बॅगेचा फोटो दाखवला (हा फोटो निघताना काढून ठेवावाच, "निळी, मध्यम आकाराची" अशा बॅगा त्यांच्याकडे शेकड्याने असतात), आणि फॉर्म भरला. त्या बाईने विचारलं, "पुढचे काही दिवस कुठे आहात?" मी हॉटेलचा पत्ता दिला. तिने नुसती मान डोलावली. आमच्या मागे एक जोडपं उभं होतं, त्यांचं जहाज त्याच संध्याकाळी होतं. त्यांच्याशी बोलताना ती बंदरांची यादी मागू लागली, कुठल्या तारखेला कुठे, तिथला एजंट कोण. त्यांची बॅग आता जहाजाचा पाठलाग करणार. आमच्यासाठी ती नुसती हॉटेलवर यायची होती, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलीही. तोवर सासूबाईंनी माझे कुर्ते घातले. "मला लग्नाआधीसारखं वाटतंय," त्या म्हणाल्या. तक्रार एकच होती, तुळशीची माळ गळ्यात होती पण जपमाळ बॅगेत गेली होती. औषधं मी हातातल्या पिशवीतच ठेवायला लावली होती. त्यावरून घरी थोडा वाद झाला होता, तो तिथे संपला.

इटली उन्हाळ्यात आपल्यामागे साडेतीन तास. त्यामुळे पहिल्या पहाटे अडीचला आम्ही तिघं टक्क जागे. घरी सहा वाजलेले, सासूबाईंची आंघोळ व्हायची वेळ. या जागेपणाचा उपयोग असा झाला की सातला व्हॅटिकनचं सेंट पीटर चर्च उघडतं तेव्हा आम्ही दारात होतो. एरवी सुरक्षा तपासणीच्या ज्या रांगेत उन्हात तास जातो, ती रांगच नव्हती. खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, त्यामुळे नवऱ्याला हाफ पँट बदलायला परत पाठवावं लागलं. सासूबाई माझ्या कुर्त्यात ऐटीत आत. बाहेरच्या चौकात बर्निनी या शिल्पकाराने उभारलेल्या खांबांच्या चार रांगा आहेत, 284 खांब. जमिनीवर एक गोल दगड बसवलाय, त्यावर उभं राहिलं की चारही रांगा एकामागे एक लपतात आणि एकच रांग दिसते. सासूबाई त्या दगडावरून चार-पाच वेळा खाली उतरल्या आणि परत चढल्या. आतल्या सोन्या-संगमरवरापेक्षा त्यांना हे जास्त आवडलं.

वेळेचं तिकीट मी एकाच ठिकाणाचं काढलं होतं, कोलोसियमचं. तिथे तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं आणि ते पासपोर्टशी जुळावं लागतं. व्हॅटिकनची संग्रहालयं सोडून दिली. गुडघ्याला ते कित्येक मैलांचे बोळ झेपणार नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी बॅगेसाठी फोनाफोनी करायला मोकळीक हवी होती. यावर मला बरेच बोल ऐकावे लागले. रोमला जाऊन त्या संग्रहालयांतलं सिस्टाइन चॅपेल नाही? नाही. त्याऐवजी पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिरात निवांत तासभर बसलो. जवळजवळ 1900 वर्षांपूर्वीचा काँक्रीटचा घुमट, आत लोखंडी सळई नाही. व्यास 43 मीटर आणि जमिनीपासून उंचीही तेवढीच. मधोमध आभाळाला उघडं भोक. पाऊस आला की तो आतच पडतो, फरशीत पाणी जिरायला बारीक छिद्रं आहेत. नवरा सिव्हिल इंजिनिअर, त्याला तिथून उठवणं हे त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम.

पिण्याच्या पाण्याचे पैसे रोममध्ये कुठे घालवू नयेत. रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळकांडी आहेत, त्यांना 'नासोनी' म्हणतात, 1874पासून बसवलेली, आज अडीच हजारांच्या आसपास. पाणी अखंड वाहतं, गार आणि गोड. नळाचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून कारंजं उडतं आणि ओंजळ न करता पिता येतं. "पाणी बंद का करत नाहीत हे?" हा सासूबाईंचा प्रश्न मात्र शेवटपर्यंत चालू राहिला. आमच्या भागात दिवसाआड पाणी येतं, त्यांचा जीव तुटणारच.

खाण्याचं वाटलं तितकं सोपं नव्हतं. पिझ्झा-पास्ता म्हणजे शाकाहारी, असं आपण धरून चालतो. पण पार्मेझान आणि पेकोरिनो रोमानो ही चीजं वासराच्या किंवा कोकराच्या जठरातलं विरजण घालून बनतात. माळकरी माणसाला हे कळल्यावर पुढचा घास जात नाही. मार्ग निघाला तो मारिनारा पिझ्झाचा. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह तेल, चीज नाहीच. लसूण चातुर्मासात नको, पण मे महिना होता, म्हणून चालला. शिवाय एस्क्विलिनो भागातल्या बाजारात बांगलादेशी दुकानदारांकडे हिरव्या मिरच्या, डाळी, मुरमुरे सगळं मिळतं. तिथला एक मुलगा आमच्याशी मजेत हिंदी बोलला आणि दोन मिरच्या वर टाकल्या, भाजीवाल्यासारख्या.

जहाजाच्या दिवशी घाई अशी नव्हतीच. क्रूझ कंपनीची बस सोडून आम्ही सान पिएत्रोहून गाडी धरली. तिकीट पाच युरोच्या आसपास. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, नाहीतर तिकीट असूनही दंड. डाव्या हाताच्या खिडकीशी बसायचं, सांता मारिनेल्लाच्या आसपास समुद्र अगदी रुळांशी येतो. साधारण पाऊण-एक तासात चिवितावेक्किया. हे बंदर सम्राट ट्राजानने बांधवलेलं, आज त्यात पंधरा-पंधरा मजल्यांची जहाजं लागतात. स्टेशनवरून बसने लार्गो देल्ला पाचे हा थांबा, तिथून बंदराची बस थेट जहाजापाशी.

सामानाच्या चिठ्ठ्या घरूनच छापून, स्टेपल करून आणल्या होत्या. बॅगा हमालाच्या हवाली केल्या की थेट संध्याकाळी केबिनच्या दारात भेटतात, म्हणून औषधं, एक कपड्यांचा जोड आणि कागद हातात ठेवायचे. इस्त्री आणि चहाची किटली तपासणीत काढून ठेवतात, तेव्हा ती घरीच ठेवलेली. पासपोर्ट जमा करून घेतले, पावती दिली. झेरॉक्स जवळ होत्याच.

मग सुरक्षेचा सराव. लोक कंटाळून उभे असतात, मोबाइल बघत असतात. पण 13 जानेवारी 2012ला कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ याच चिवितावेक्कियाहून निघाली होती आणि काही तासांत जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटली. 32 माणसं गेली. त्या संध्याकाळी इथे चढलेल्या प्रवाशांचा सराव अजून व्हायचा होता, कारण तेव्हाच्या नियमाने तो 24 तासांत कधीही घेतला तरी चालत असे. 2015पासून तो जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावाच लागतो. मी सासूबाईंना लाइफ जाकिटाच्या पट्ट्या दोनदा बांधायला लावल्या. संकटात सगळ्यांनी जमायची जागा कोणत्या जिन्याने हेही चालून दाखवलं, लिफ्ट त्या वेळी बंद असते म्हणून.

जेवणाच्या टेबलावर मुख्य वेटर आला, गोव्याचा निघाला. उद्यासाठी भारतीय शाकाहारी आजच सांगून ठेवा म्हणाला, म्हणजे वरण-भात, भाजी वेगळी करतो. सासूबाईंनी त्याला आधी जवळ बसायला सांगितलं, चीजची पूर्ण उलटतपासणी घेतली, आणि मगच ऑर्डर दिली.