उझो आणि खारवलेली तारली

ग्रीसच्या लेस्व्होस बेटावर संध्याकाळी बंदरालगतच्या उझेरीत, म्हणजे उझो पिण्याच्या खानावळीत, जाऊन बसणे हा जेवणाचा कार्यक्रम की पिण्याचा, हे सांगणे कठीण आहे. ते ठरवण्याची गरज तिथल्या लोकांना कधी पडलीही नसावी. उझो या बडीशेपेच्या वासाच्या दारूबरोबर खायला काहीतरी हवेच, हे तिथे इतके गृहीत धरलेले असते की नुसता पेला पुढ्यात घेऊन बसलेल्या माणसाची शेजारच्या टेबलाला काळजीच वाटेल.

ग्रीसमधला बराचसा उझो याच बेटावर, त्यातही प्लोमारी गावात, तयार होतो आणि तिथली बार्बायानी घराण्याची भट्टी १८६० पासून चालू आहे. टेबलावर दोनशे मिलिलीटरची छोटी बाटली, थंड पाणी आणि बर्फ वेगवेगळे येतात. पाण्याची धार पडताच पाण्यासारखी नितळ दारू क्षणात दुधी होते, कारण तिला बडीशेपेचा वास देणारे अनेथोल हे द्रव्य मद्यार्कात विरघळते, पाण्यात नाही. जाणकार मंडळी आधी पाणी आणि नंतर बर्फ घालतात; निव्वळ उझोत थेट बर्फ टाकल्यास त्याच द्रव्याचे स्फटिक धरतात. आपण जी चव जेवण आटोपल्यावर चिमूटभर तोंडात टाकतो, तिनेच इथे जेवणाला सुरुवात होते, याची सवय व्हायला मला थोडा वेळ लागला.

खरी मौज मात्र ताटलीत आहे. कालोनीच्या आखातातली तारली पकडल्याबरोबर जाड्या मिठात घालतात आणि काही तासांतच ती खायला तयार होते. तिला विस्तव लागलेलाच नसतो. बोटांनी हलकेच ओढले की चंदेरी कातडी सुटून येते, मासा उघडून काटा अलगद काढायचा, वर ऑलिव्हचे तेल सोडायचे आणि पावाच्या तुकड्यासह तोंडात टाकायचे. कच्चा मासा म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्या कोकणी माणसानेही (मी त्यांतलाच) ही तारली एकदा खाऊन पाहावी. मांस घट्ट पण लोण्यासारखे लागते आणि तिचा खारटपणा उझोच्या गोडसर वासाला बरोबर आवर घालतो. ऑलिव्हच्या तेलात मुरवलेले लादोतिरी हे मेंढीच्या दुधाचे चीजही सोबतीला असते, पण तारलीपुढे ते दुय्यमच.

ताटल्या टेबलाच्या मधोमध ठेवतात आणि प्रत्येक जण त्यांतूनच घेतो. सगळे एकदम मागवण्याची घाई कोणी करत नाही. एक ताटली संपत आली की दुसरीचा विचार सुरू होतो. मागितल्याशिवाय बिल आणून ठेवणे हा तिथे असभ्यपणा समजला जातो. बरे, आपण मागितले, तरी त्याच्या आधी बहुधा न मागवलेल्या कलिंगडाच्या फोडी येतात, आणि त्या संपेपर्यंत पुन्हा बसावेच लागते.