जांभ्याची माती मोजताना: आमची वाटचाल

माती परीक्षणाचं काम मी शिकलो नाशिककडच्या द्राक्षबागांत. तिथला बागायतदार ऑक्टोबर छाटणीनंतर पानांचे देठ तपासायला पाठवतो आणि अहवाल बघून खत ठरवतो. रत्नागिरीला परतून स्वतःची छोटी प्रयोगशाळा टाकली, तेव्हा पहिल्याच गिऱ्हाईकाने ऐकवलं, "तुझा कागद ठेव बाजूला, आंब्याच्या कलमाला खत किती घालू ते सांग." आजही निम्मे लोक तेच म्हणतात.

तिकडची काळी माती चुनखडीची, सामू (pH) बहुधा साडेसातच्या वर. काळजी असते ती क्षारांची, म्हणून क्षार सोसणारे डॉगरिजसारखे खुंट लावून त्यांवर द्राक्षाचं कलम करतात. आपल्याकडे कोकणात सगळं उलट. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि मातीतला चुना, मॅग्नेशियम धुऊन नेतो. मागे राहतं लोह आणि ॲल्युमिनियम. ते स्फुरदाला (फॉस्फरसला) असं धरून ठेवतात की घातलेल्या खतातलं थोडंच झाडाला मिळतं. त्यामुळे स्फुरद मोजायला घाटावर चालणारी ओल्सन पद्धत आमच्या आम्ल मातीला लावत नाही, ब्रे पद्धत वापरतो. बाहेरून अहवाल करून आणलात तर आधी एवढं विचारून घ्या.

खरी गोम खड्यांत आहे. नमुना 2 मिलिमीटरच्या चाळणीतून गाळतात आणि खाली पडेल तेवढ्याच मातीचं पृथक्करण होतं. वरचे जांभ्याचे खडे टाकून दिले की अहवाल झकास दिसतो: सेंद्रिय कर्ब 1 टक्क्याच्या वर, शेरा 'भरपूर'. पण नमुन्यात निम्मं वजन खड्यांचं असेल, तर मुळांच्या वाट्याला माती निम्मीच ना? म्हणून आम्ही खडे तोलतो आणि तो आकडा अहवालात पहिल्या ओळीत छापतो. बागायतदारांना तो आवडत नाही. छापतोच.

सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळमाळावरच्या बागांत आणखी एक पेच. कातळात सुरुंग लावून खड्डे केलेले, त्यांत माती बाहेरून आणून भरलेली. शेजारशेजारच्या दोन कलमांची माती दोन गावांची असू शकते. 2015 साली मृदा आरोग्य पत्रिका योजना आली. तीत 12 घटक तपासतात, आणि नमुना बागायतीत अडीच हेक्टरला एक, जिरायतीत दहा हेक्टरला एक. भातखाचरांना ते चालून जाईल, सड्यावर तो एक नमुना कोणत्या खड्ड्याचा म्हणायचा? आम्ही बागेतली ठरावीक कलमं निवडतो, बुंध्याला रंगाचा पट्टा मारतो आणि दरवर्षी त्यांच्याच फांद्यांच्या विस्ताराच्या कडेखालची माती घेतो. आंबा उतरला की, पाऊस आणि खत पडायच्या आधी. एका वर्षाच्या आकड्यावर मी फार बोलत नाही. तोच आकडा त्याच कलमाखाली तीन-चार वर्षं कुठे सरकतो, त्यावर बोलतो.

गांडुळंही मोजतो. ती मात्र मे महिन्यात सापडत नाहीत, त्यासाठी भर पावसात दुसरी फेरी असते. त्याच फेरीत मातीचं वाळवून ठेवलेलं ढेकूळ मालकासमोर पाण्यात सोडतो. जिथे पातेरा (गळलेला पाला) पेटवत नाहीत, कलमाखालीच कुजू देतात, तिथलं ढेकूळ बहुतेक वेळा जास्त टिकतं. यंत्राच्या आकड्यापेक्षा लोकांना हे पटकन पटतं. सुती कापड पुरून ते किती कुजलं हे बघायची चाचणीही करून पाहिली, पण वाळवीनेच ते फस्त केलं. तो नाद सोडला.

धंद्याचं म्हणाल तर वसुली आंब्यावर. "वाशीहून पट्टी आली की देतो" (पट्टी म्हणजे बाजारातल्या विक्रीचा हिशेब) हे वाक्य मी दर वर्षी ऐकतो, आणि पट्टी वाईट आली की आमचंही बिल लांबतं. पावसात नमुने वाळत नाहीत, वीज जाते, म्हणून जून ते सप्टेंबर प्रयोगशाळेत काम कमीच. आंब्याला मोहोर यावा म्हणून घालतात त्या कल्टारचा (पॅक्लोब्युट्राझोलचा) अंश मातीत किती उरलाय, हे खूप जण विचारतात. त्याला लागणारं यंत्र आम्हाला परवडण्यातलं नाही, असे नमुने आम्ही मोठ्या प्रयोगशाळेकडे धाडतो आणि तिचं बिल थेट बागायतदाराला देतो.

मुंबईत राहणारे बागमालक हल्ली मातीला 'शंभरपैकी गुण' मागतात. तसा एकच आकडा काढून देणं सोपं आहे आणि त्याचे पैसेही बरे मिळतील. पण सामू सुधारला आणि माती वाहून गेली, तर बेरीज तीच येईल. सध्या तरी आम्ही नाही म्हणतो. यंदापासून आंब्याच्या पानांचं परीक्षण सुरू केलंय, पुढच्या हंगामात काजूचंही घेऊ.