ग्रामदैवताचे नाव आणि दोन पाट्या

मागच्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या सोलापुरातल्या टॉवेलच्या कारखान्याचे एक लाख ऐंशी हजार रुपये दुसऱ्याच एका फर्मच्या खात्यात जमा झाले, आणि त्या फर्मचे नाव अक्षर न् अक्षर आमच्या फर्मचेच होते. तीन शब्दांचे नाव, तिन्ही शब्द सारखे, आणि त्यांतला पहिला शब्द सिद्धेश्वर. आमचा कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, त्यांचा साखर पेठेत. आम्ही टेरी टॉवेल विणतो, ते जकार्डची, म्हणजे मागावरच नक्षी विणलेली, चादर विणतात. दोघांचाही माल घेणारा हैदराबादचा एक जुना व्यापारी आहे आणि त्याच्या कार्यालयात आम्हा दोघांची बिले एकाच फायलीत लावलेली असतात. नव्याने आलेल्या कारकुनाने टॉवेलच्या बिलाची रक्कम घेतली आणि खाते क्रमांक मात्र चादरीच्या बिलावरचा घेतला.

रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करताना, पैसे पाठवण्याआधी समोरच्या खातेदाराचे नाव पडद्यावर पाहता येते. चुकीच्या खात्यात पैसे जाऊ नयेत म्हणूनच ही सोय झाली आहे आणि ती चांगलीच आहे. त्या कारकुनानेही नाव पाहिले. ते बरोबर होते, म्हणून त्याने निर्धास्तपणे पैसे पाठवले. मी बँकेत गेलो तेव्हा तेथील साहेबांनी शांतपणे विचारले, की क्रमांक चालू खात्याचा आहे, नावही जुळते आहे, मग बँकेने चूक नेमकी कोणती समजायची? त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावर, हा नियम मला ठाऊक होता.

घरी पोहोचण्याआधीच साखर पेठेतून फोन आला. त्या फर्मच्या मालकांना मी तोवर दोन-तीनदाच भेटलो होतो. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, घरी तेलुगू बोलणारे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. ते म्हणाले, "आप्पा, तुमचं पैसं आमच्या खात्यात येऊन बसलंय बघा. आमच्याकडं एवढ्या आकड्याचं बिलच नाही की हैदराबादचं. काळजी करू नका, कुठं जात नाही ते." त्यांनी ते पैसे थेट माझ्याकडे वळवले असते तर दोघांच्याही वह्यांत न झालेला व्यवहार उभा राहिला असता, म्हणून ते आधी हैदराबादला परत गेले आणि तेथून माझ्याकडे आले. यात नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत सूतवाल्याचे देणे थांबले आणि कामगारांचा बोनस मला उसनवारी करून द्यावा लागला. तरीही अण्णांनी स्वतःहून फोन केला नसता तर हे प्रकरण कुठवर गेले असते, या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

बाहेरगावच्या माणसाला वाटेल, की इतक्या मोठ्या शहरात दोन व्यापाऱ्यांनी एकच नाव का घ्यावे. पण सोलापुरात सिद्धेश्वर हे नाव कोणी कोणाचे पाहून घेत नाही. बाराव्या शतकात येथे होऊन गेलेले सिद्धरामेश्वर हे आमचे ग्रामदैवत. हे गाव सोन्नलगी म्हणून ओळखले जात होते तेव्हाचे ते शिवयोगी आणि कन्नड वचनकार. त्यांनी पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगे स्थापन केली. तळ्यातले मंदिर सिद्धेश्वराचे, साखर कारखाना सिद्धेश्वर, रात्री मुंबईला जाणारी गाडी सिद्धेश्वर एक्सप्रेस. मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्या घरांत सिद्धेश्वर, सिद्धाराम, सिद्राम, सिद्धू ही एकाच नावाची रूपे नांदतात. अण्णांच्या वडिलांनी हातमागावरून यंत्रमागावर आल्यावर देवाच्या नावाने फर्म काढली. आमची फर्म माझ्या आजोबांच्या नावाची आहे, आणि आजोबांना ते नाव त्याच देवावरून मिळाले होते.

मलाही तेच नाव मिळाले. आजोबा गेले त्या वर्षी मी जन्मलो, म्हणून बारशाला दुसऱ्या नावाचा विचारच झाला नाही. याचा परिणाम असा, की आईने मला आयुष्यात एकदाही नावाने हाक मारली नाही. सासऱ्याचे नाव सुनेने तोंडाने घ्यायचे नाही, मग ते पोटच्या पोराला ठेवलेले का असेना. ती मला आप्पा म्हणे, आणि तेच नाव पुढे बाजारात रूढ झाले. कागदावर मात्र आजोबा आणि मी यांची गाठ पडतच राहिली. मंद्रूपजवळच्या आमच्या चार एकरांच्या सातबाऱ्यावर आजोबांचे नाव बरीच वर्षे तसेच राहिले होते, आणि वारसनोंदीच्या वेळी तलाठ्यांनी मलाच विचारले होते, की नाव तर आधीच लागलेले आहे, मग नोंद कसली करायची? नाव एक असले तरी आजोबांच्या वडिलांचे नाव वेगळे आणि माझ्या वडिलांचे वेगळे, हे दाखवायला मृत्यूचा दाखला आणि वंशावळ जोडावी लागली.

लहानपणीची एक आठवण या विषयाशी इतकी जोडलेली आहे, की ती येथे लिहायलाच हवी. मी सहा वर्षांचा असताना सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावर, पाळण्यांजवळ वडिलांचा हात सुटला. एका पोलिसाने मला उचलून ध्वनिक्षेपकाच्या मांडवात नेले. तेथील गृहस्थांनी नाव विचारले, मी सांगितले, आणि त्यांनी ते मैदानभर ऐकवले. थोड्याच वेळात एक बाई धावत आल्या, मला पाहून थबकल्या आणि जागीच रडू लागल्या, कारण त्यांचाही सिद्धेश्वर हरवला होता आणि तो मी नव्हतो. मग त्या गृहस्थांनी मला पुन्हा विचारले, "कुठल्या पेठेतला रे बाळा?" मी बाळीवेस म्हणालो. दुसऱ्या वेळी त्यांनी बाळीवेस, वडिलांचे नाव आणि हिरवा स्वेटर असे सगळे पुकारले, आणि वडील आले. त्या बाईंचा मुलगा पुढे सापडला का, हे मला कधीच कळले नाही. त्यांच्या हातातली चिरमुऱ्यांची पुडी फुटून खाली सांडत होती, तेवढे मात्र आजही डोळ्यांसमोर आहे.

त्या मांडवातल्या गृहस्थांनी जे केले, तेच आपला समाज पिढ्यानपिढ्या करत आला आहे. अर्धे गाव पाटील असले, की वरचे पाटील, मळ्यातले पाटील, वाड्यातले पाटील अशी ओळख आपोआप पडते. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही मुळात हुद्द्यांची नावे. ती धारण करणाऱ्यांचे रक्ताचे नाते असेलच असे नाही. वडिलांचे नाव मधे घालण्याची आपली रीत यासाठी फार उपयोगाची आहे, आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने आईचेही नाव घालायला लावले, याचे मी मनापासून स्वागत करतो. आईला मान मिळाला ही मोठी गोष्ट आहेच. शिवाय चार शब्दांच्या नावाला जुळे सापडणे तीन शब्दांच्या नावापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

निवडणुकीच्या नियमांतही हीच रीत दिसते. १९६१ च्या निवडणूक नियमांनुसार एकाच नावाचे दोन उमेदवार असतील तर त्यांच्या नावापुढे व्यवसाय, राहण्याचे ठिकाण किंवा आणखी काही जोडून ते वेगळे दाखवावे लागतात. तेवढ्याने भागत नाही, हे २०१४ साली रायगडात दिसले. तेथे सुनील तटकरे अनंत गीते यांच्याकडून २,११० मतांनी पडले, आणि त्याच मतपत्रिकेवरच्या सुनील तटकरे नावाच्याच एका अपक्ष उमेदवाराला ९,८४९ मते मिळाली होती. पुढे निवडणूक आयोगाने १ मे २०१५ नंतरच्या निवडणुकांसाठी मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्र आणले. मतदाराने आपल्या मनातल्या माणसाला दिलेले मत नाव सारखे म्हणून दुसरीकडे जावे, ही मला पैशांच्या चुकीपेक्षा कितीतरी गंभीर गोष्ट वाटते, कारण ते मत परत पाठवायला तेथे कोणी अण्णा नसतात.

पैसे परत मिळाल्यावरही माझ्या मनातला राग गेला नव्हता. मी आमच्या सीएंकडे गेलो आणि विचारले, की नाव नोंदवून घेऊन दुसऱ्या फर्मला ते वापरण्यापासून थांबवता येईल का? त्यांनी तासभर बसवून जे समजावले, ते मला आधीच माहीत असायला हवे होते. कंपनी काढायची असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे तिचे नाव आधीच्या कोणत्याही कंपनीच्या नावासारखे किंवा त्याच्या फार जवळचे असून चालत नाही. अनेकवचन केले, शब्द जोडून लिहिले, स्पेलिंग बदलले, तरी ते नाव तेच मानले जाते. इतकेच काय, मूळ नावापुढे नुसते गावाचे नाव जोडूनही भागत नाही. कंपन्यांचा हा नियम भागीदारी फर्मला मात्र लागू नाही, आणि आमच्या दोन्ही फर्मा भागीदारीच्या आहेत. त्यांनी दोघांचे जीएसटी क्रमांक शेजारी शेजारी लिहून दाखवले. पंधरा अक्षरांतले पहिले दोन आकडे राज्याचे, म्हणजे दोघांचेही २७. त्यापुढची दहा अक्षरे पॅनची, त्यांतले चौथे अक्षर फर्मसाठी एफ आणि पाचवे नावाच्या आद्याक्षराचे एस. नजर टाकणाऱ्याला दोन्ही क्रमांक भावंडांसारखे दिसतात.

ट्रेडमार्कचा कायदा १९९९ चा आहे आणि तो या बाबतीत मला फार समंजस वाटला. मालाचे आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग असल्याने एकच नाव अगदी वेगवेगळ्या मालांवर सुखाने राहू शकते. स्वतःचे नाव कोणी प्रामाणिकपणे व्यवसायात वापरत असेल तर नोंदणीधारकाला त्यात ढवळाढवळ करता येत नाही, आणि दोघे जण पूर्वीपासून प्रामाणिकपणे एकच नाव वापरत आले असतील तर दोघांचीही नोंदणी होऊ शकते. देवाधर्माच्या नावांवर एकट्याचा हक्क सांगणे तर आणखी अवघड. 'रामायण' हे नाव अगरबत्तीसाठी ट्रेडमार्क म्हणून एकाला देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ठरवले. आम्ही तर टॉवेल आणि चादरीवाले, म्हणजे एकाच वर्गातले, दोघांचीही नावे एकाच देवाची आणि दोघांच्याही दुसऱ्या पिढ्या धंद्यात. सीए म्हणाले, "भांडायला आधार नाही, आणि भांडायचं कारण तरी काय? त्यांनी तुमचं गिऱ्हाईक फसवलंय का?"

हाच प्रश्न कायदाही विचारतो, हे मला नंतर पटले. महेंद्र अँड महेंद्र पेपर मिल्स या कंपनीला ते नाव वापरू न देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला, कारण महिंद्रा अँड महिंद्रा हे नाव वर्षानुवर्षांच्या वापराने एका विशिष्ट उद्योगसमूहाचे म्हणून लोकांच्या मनात बसले होते आणि घेणाऱ्याची गफलत होण्यासारखी होती. माझा भाचा औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे, त्याच्याकडून मर्कची गोष्ट कळली. जर्मनीच्या डार्मश्टाट गावातल्या मर्कची अमेरिकेतली शाखा पहिल्या महायुद्धात तिच्यापासून तोडली गेली, आणि तेव्हापासून मर्क नावाच्या दोन कंपन्या आहेत. अमेरिका आणि कॅनडात हे नाव अमेरिकी कंपनीचे, बाकी जगात जर्मन कंपनीचे, आणि तेथे अमेरिकी कंपनी एमएसडी या नावाने ओळखली जाते.

एकाच नावाचे अनेक धनी असणे चांगलेही असू शकते, याचा पुरावा आमच्या शहरातच आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्ही नावांना भौगोलिक मानांकन आहे. ही नावे कोणा एका कारखान्याची नसून या भागात ठरलेल्या प्रतीचा माल विणणाऱ्या सगळ्यांची आहेत. दुसरीकडे विणलेली, दोन धुण्यांत रंग सोडणारी चादर 'सोलापुरी' म्हणून फूटपाथवर विकली जाताना मी पाहतो तेव्हा माझ्या फर्मच्या नावापेक्षा या नावाची मला जास्त काळजी वाटते. अण्णांचे आणि माझे नाव एक आहे म्हणून कोणी फसत नाही; त्या चादरीने मात्र गिऱ्हाईक फसते आणि बोल आमच्या गावाला लागतो.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी मी अण्णांकडे गेलो. जकार्डचा खडखडाट चालू होता, त्यामुळे आम्ही बाहेर ओट्यावर बसलो. त्यांच्या बिलबुकावर नावाखाली ठळक 'साखर पेठ' छापायचे आणि आमच्या बिलबुकावर 'एमआयडीसी, अक्कलकोट रोड'. खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे मोठ्या टाइपात. गाठीवर काळ्या शाईचा स्टेन्सिल मारताना नावाआधी 'चादर' किंवा 'टॉवेल' हा शब्द. आणि हैदराबादच्या व्यापाऱ्याकडे आमच्या फायली वेगळ्या रंगाच्या. एवढे ठरायला एक चहा पुरला. निघताना अण्णांनी विचारले, "पाटी बदलू का हो आप्पा आमची? तुमचं तर स्वतःचं नाव आहे ते." मी त्यांना हात जोडले आणि तसे काही करू नका म्हणालो.

गेल्या आठवड्यात ट्रान्सपोर्टच्या टेम्पोवाल्याने सुताची अकरा पोती आमच्या दारात उतरवली. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, नाव होते, पेठ लिहिलेली नव्हती, पण सूत चादरीचे होते हे पोत्याचे तोंड उघडून दोरा बोटांत चोळताच कळले. हमालांना थांबवून पोती पुन्हा भरायला लावली, अण्णांना फोन केला आणि टेम्पो साखर पेठेकडे वळवला. जादा भाडे मी दिले. संध्याकाळी अण्णांचा मुलगा ते परत द्यायला आला, तेव्हा त्याला चहा पाजला आणि पैसे त्याच्याच खिशात ठेवून पाठवले.