कंट्रोलरवरून क्लबच्या डेकवर जायचंय? तुम्ही विचारलंत म्हणून...

"इतकी वर्षं लॅपटॉप आणि कंट्रोलरवर वाजवतोय, आता क्लबमधल्या सीडीजेवर वाजवायचंय, तर सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल का?" हे मला सारखं कोणी ना कोणी विचारतं, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते. (कंट्रोलर म्हणजे लॅपटॉपमधलं डीजे सॉफ्टवेअर चालवायचं बटणांचं यंत्र, सीडीजे म्हणजे लॅपटॉपशिवाय पेनड्राइव्हवरून गाणी वाजवणारा क्लबमधला डेक.)

हाताला फारसं काही शिकावं लागत नाही. प्ले, क्यू (गाण्यात खूण करून ठेवलेली जागा), जॉग (हाताने फिरवायची चकती), लूप, हॉट क्यू (एकेका बटणावर ठेवलेली अशी खूण) सगळं ओळखीचंच असतं, कारण कंट्रोलर मुळात क्लबच्या डेककडे बघूनच बनवलेले असतात. उलट जॉग मोठा, पिच फेडर (गाण्याचा वेग कमी-जास्त करायची पट्टी) चांगला लांब, आणि ±६ टक्क्यांच्या रेंजवर ०.०२ टक्क्यांच्या पायरीने सरकतो, त्यामुळे बारीक जुळवणी सोपीच जाते. तासाभरात हात बसतो.

बदलतं ते घरचं काम. लॅपटॉप समोर असला की आपण अर्धी तयारी वाजवता वाजवता उरकतो, म्हणजे ग्रिड (गाण्यातल्या बीटवर आखलेल्या रेघा) हललंय तर सरकवलं, गाणं आठवेना तर नावातली तीन अक्षरं टाइप केली, आज दुपारी उतरवलेला ट्रॅक तसाच फोल्डरमधून उचलून डेकवर टाकला. डेकला फक्त तुमच्या पेनड्राइव्हवर काय आहे तेवढंच कळतं. नवीन मॉडेलवर टच कीबोर्ड येतो, ग्रिडही हलवता येतं, सीडीजे ३००० तर न तपासलेला (म्हणजे वेग आणि बीट अजून न मोजलेला) ट्रॅक स्वतः तपासून घेतो, सगळं खरं, पण पुढचं गाणं दीड मिनिटात आणायचंय आणि तुम्ही स्क्रीनवर एकेक अक्षर दाबताय हा प्रकार एकदा करून बघा म्हणजे कळेल.

म्हणून माझं म्हणणं असं की डेक विकत घ्यायच्या भानगडीत आधी पडूच नका, आधी लायब्ररी रेकॉर्डबॉक्समध्ये (सीडीजेसाठी ड्राइव्ह तयार करणारं सॉफ्टवेअर) हलवा. एक्सपोर्टपुरतं ते फुकट आहे. गाणी तपासून, ग्रिड बघून, क्यू लावून, छोट्या छोट्या प्लेलिस्ट करून मग ड्राइव्हवर एक्सपोर्ट करायचं. नुसत्या एमपीथ्री कॉपी केल्या तरी वाजतात, पण जुन्या डेकवर मग ग्रिड नाही, क्वांटाइझ (क्यू-लूप आपोआप बीटवर बसवणं) नाही, आणि सिंकचा (दोन गाण्यांचं बीट आपोआप जुळवणं) तर विषयच सोडा.

सेराटो किंवा ट्रॅक्टर या डीजे सॉफ्टवेअरमधून येत असाल तर एक गोष्ट नक्की तपासा. क्यू आणि ग्रिड दुसरीकडे नेऊन देणारी कन्व्हर्टर ॲप मिळतात, पण एमपीथ्री फाइलच्या अगदी सुरुवातीचा रिकामा तुकडा प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्या पद्धतीने मोजतं, त्यामुळे काही फाइलींमध्ये (सगळ्या नाही, आणि म्हणूनच डोकं फिरतं) सगळे क्यू आणि ग्रिड साधारण २६ मिलिसेकंदांनी सरकतात. एमपीथ्रीची एक फ्रेम (फाइलचा सगळ्यात छोटा तुकडा) ११५२ सॅम्पलची, ४४.१ किलोहर्ट्झला ती बरोबर तेवढीच भरते. २६ मिलिसेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण एक सरकलेला आणि एक न सरकलेला ट्रॅक सिंकवर लावा, दोन किक (बास ड्रमचे ठोके) एकमेकींच्या मागे धावताना स्पष्ट ऐकू येतात आणि स्क्रीन मात्र सांगत असते की सगळं जुळलंय. चांगले कन्व्हर्टर हे दुरुस्त करतात तरी पाच-दहा गाणी उघडून, वेव्हफॉर्म (आवाजाचं स्क्रीनवरचं चित्र) मोठा करून, पहिल्या किकवर रेघ बसतेय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

मग ड्राइव्ह. एफएटी३२ फॉरमॅट, एनटीएफएस नको, जुन्या डेकसाठी एक्सफॅटही नको. मॅकवर करत असाल तर पार्टिशन स्कीम मास्टर बूट रेकॉर्ड निवडा, नाहीतर लॅपटॉपवर छान दिसणारा ड्राइव्ह डेकला दिसतच नाही. आणि फ्लॅक (दर्जा न गमावणाऱ्या) फाइलींचं प्रेम जरा आवरा. २०१६ च्या नेक्सस २ या मॉडेलपासून पुढच्या सीडीजेवर त्या चालतात, त्याआधीच्या नेक्ससवर ई-८३०५ असा एरर येतो आणि गाणं लोड होत नाही. क्लबमध्ये कुठलं मॉडेल आहे माहीत नसेल तर एआयएफएफ किंवा ३२० ची एमपीथ्री, विषय संपला. सारखेच भरलेले दोन ड्राइव्ह ठेवा. डेक लॅन केबलने जोडलेले असले तर एकाच ड्राइव्हवरून सगळ्यांवर वाजवता येतं, पण तोच ड्राइव्ह कोणी घाईत उपटला की सगळीकडची बोंब, चालू गाणं इमर्जन्सी लूपमध्ये (एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा) अडकतं आणि गर्दीला पण ते कळतं. काढताना यूएसबी स्टॉप दाबून धरायचं, आधीच्या डीजेचा ड्राइव्ह असेल तर त्यालाच काढू द्यायचं.

लोक सगळ्यात कमी विचारतात ते गेनबद्दल (प्रत्येक गाण्याच्या आवाजाची पातळी), आणि माझ्या मते नवख्या माणसाचा सेट तिथेच उघडा पडतो. सॉफ्टवेअर ऑटो गेनने सगळी गाणी गुपचूप एका पातळीवर आणतं, सीडीजे तसं करत नाही. नव्वदच्या दशकातला ट्रॅक आणि हल्लीचं दाबून मास्टर केलेलं गाणं यांच्यात इतका फरक असतो की चॅनलचा फेडर वर घेतला की एक तर सगळं खाली बसतं नाहीतर कानठळ्या बसतात. पुढचं गाणं हेडफोनवर ऐकतानाच चॅनलचा मीटर बघून ट्रिम (मिक्सरवरचा गेनचा नॉब) लावायचा, आणि इंट्रोवर लावायचा नाही, गाण्याच्या सगळ्यात भरलेल्या भागावर उडी मारून तिथे लावायचा, कारण इंट्रोत नुसता हाय-हॅट असतो आणि ड्रॉप (गाणं एकदम जोरात सुटतं ती जागा) आला की मीटर लाल.

सिंक वापरणं पाप वगैरे नाही, २०१२ च्या नेक्ससपासून ते क्लबच्या डेकवर आहेच. फक्त लॅन केबल जोडलेली नसली की ते गेलं, आणि केबल का जोडलेली नाही ते शोधायला ऐन वेळी कोणी खाली वाकत नाही. म्हणून कानाने बीट जुळवता आलं पाहिजे. एकावर एक दोन वेव्हफॉर्म बघायची सवय असेल तर घरी कंट्रोलरवरच लॅपटॉपच्या स्क्रीनवर टॉवेल टाका, सिंक बंद करा, आणि रोज थोडं वाजवा. यासाठी नवीन काही घ्यावं लागत नाही.

बूथमध्ये गेल्यावर आधी आधीच्या माणसाचं काय काय राहिलंय ते बघा. टेम्पो रेंज वाइडवर (पिच फेडरचा सगळ्यात मोठा पल्ला) सोडलेली असली तर फेडरला जरासा धक्का लागला तरी गाणं भलतीकडे पळतं. जॉग व्हिनाइल मोडला (चकती धरली की गाणं थांबतं) आहे का, स्लिप (लूप चालू असतानाही गाणं आतून पुढे सरकत राहणं) चालू राहिलंय का, मास्टर टेम्पो (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणं), चॅनलचा इनपुट स्विच, क्रॉसफेडर असाइन थ्रू वर (चॅनल क्रॉसफेडरला न जोडलेला) आहे का. एवढं बघायला अर्धं मिनिट पुरतं, आणि "आवाजच येत नाहीये" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा शेवटच्या दोनातच सापडतं. आणि बूथ मॉनिटर (डीजेजवळचा स्पीकर) चालू करून घ्या, लांबच्या मोठ्या स्पीकरचा आवाज उशिरा पोचतो, त्यावर जुळवायला गेलात तर तारांबळ होणार.

मधली पायरी हवी असेल तर एक्सडीजे-आरएक्स ३ किंवा डेननचा प्राइम ४ यांच्यासारखी लॅपटॉपशिवाय चालणारी एकत्र मशीन आहेत, पेनड्राइव्हवरून वाजवायची सवय त्यावर छान होते. प्राइम ४ ची लायब्ररी मात्र इंजिन डीजे या डेननच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधली, त्यावर केलेली तयारी सीडीजेला तशीच्या तशी दिसणार नाही, तेव्हा क्लबमध्ये सीडीजेच असतील तर आधी विचार करा.

आणि स्टेम्स (गाण्यातले गायन, ड्रम असे सुटे भाग) वेगळे काढून गायकाचा आवाज दुसऱ्या बीटवर बसवणं, सॅम्पलर, सॉफ्टवेअरचे इफेक्ट्स हेच तुमचं वाजवणं असेल तर खरंच सोडू नका कंट्रोलर. सीडीजेवर स्टेम्स नाहीत. वाटलं तर बऱ्याच क्लबच्या डेकना लॅपटॉप यूएसबीने जोडून सॉफ्टवेअर त्यांच्यावरूनच चालवता येतं, फक्त आधी फोन करून मॉडेल विचारा आणि ड्रायव्हर घरूनच टाकून न्या.